सहा फूट तीन इंचांच्या माणसाने पहिला बो कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा. वय सत्तावीस, उंची सहा फूट तीन इंच, मुक्काम बाणेर, धनुष्याला आजवर हात लावलेला नाही. बजेट २५ हजार. मामेभाऊ अमेरिकेत असतो, तो दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात धनुष्याने हरणाची शिकार करतो आणि पुढच्या वर्षी त्याच्याकडे जायचा बेत आहे. तोवर इथे हात बसवायचा. त्यासाठी ६२ इंची, ५० पाउंडांचा (म्हणजे खेचायला तेवढा जोर लागणारा), लिम्ब (धनुष्याचे वरचे-खालचे हात) सुटे करता येणारा लाकडी हंटिंग रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं धनुष्य) बघून ठेवलाय. घेऊ का?

नका घेऊ. धनुष्य वाईट आहे म्हणून नाही. त्या जातीचा बो मी स्वतः वापरलाय आणि पैशाच्या मानाने चांगला असतो. पण तो तुमच्या हातांना आखूड आहे आणि तुमच्या खांद्यांना जड आहे. दोन्ही चुका एकाच खरेदीत करू नयेत.

आधी कायद्याचं उरकून घेतो, कारण ‘हंटिंग बो’ शब्द आला की क्लबमध्ये कुणीतरी हमखास विचारतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे शिकार बंद आहे आणि शिकारीचा नुसता प्रयत्नही गुन्ह्यातच धरतात. ससा असो, मोर असो. गावाकडे रानडुकरं उसात शिरतात हे खरं, पण त्यासाठीही वनखात्याची परवानगी लागते; आपण परस्पर बाण काढून निघायचं नाही. हंटिंग बो इथे घेऊन टार्गेटवर मारायला काही हरकत नाही. हरणाचा विषय अमेरिकेत गेल्यावर, तिथला परवाना काढून, तिथल्या नियमांनी.

आता हात मोजा. भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरा, छाती फुगवू नका. एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दुसऱ्या कुणाकडून तरी मोजून घ्या. घरात टेप नसेल तर कोपऱ्यावरच्या टेलरकडे जा, तो दोन मिनिटांत मापून देईल, फक्त ‘शर्ट कुठला शिवायचाय’ असं विचारेल. आलेल्या इंचांना अडीचने भागा. तो तुमचा अंदाजे ड्रॉ, म्हणजे पूर्ण खेचल्यावर दोरी किती मागे येते ते अंतर.

हात उंचीइतकेच असतील तर तुमचे ७५ इंच भरतील आणि ड्रॉ येईल ३०. पण उंच माणसांचे हात बऱ्याचदा उंचीहून दोनेक इंच लांब निघतात. ७७ भरले तर ड्रॉ ३१ला जवळजवळ टेकला. मी पुढे साडेतीस धरून बोलतो, तुम्ही तुमचा आकडा घाला.

हा अंदाजच आहे. नक्की आकडा क्लबमध्ये मिळतो. १८-२० पाउंडांचा हलका बो हातात देतात, एक लांब बाण लावून खेचायला सांगतात, आणि ग्रिपचा सर्वांत खोल भाग जिथे येतो तिथे बाणावर पेनने खूण करतात. नॉक म्हणजे बाणाचं दोरीत अडकणारं मागचं टोक; त्याच्या खाचेपासून त्या खुणेपर्यंतच्या मापात पावणेदोन इंच मिळवायचे, झाला तुमचा ड्रॉ. हे पावणेदोन इंच का, असं प्रत्येक इंजिनिअर विचारतो. पूर्वी धनुष्याच्या पुढच्या कडेपर्यंत मोजायचे, ती कडा ग्रिपच्या खोल भागापासून सगळ्यांची सारखी नसायची, म्हणून ठरवून घेतलेलं हे अंतर आहे. बाकी त्यात गूढ काही नाही.

हे माप एवढं महत्त्वाचं का, तर रिकर्व्हवर छापलेलं वजन २८ इंच ड्रॉ धरून असतं. म्हणजे वरच्याच हिशेबाने हात पसरल्यावर ७० इंच भरणारा, साधारण पाच फूट दहा इंचांचा माणूस. तुम्ही अडीच इंच जास्त खेचणार. २८च्या पुढे प्रत्येक इंचाला वजन अडीच-तीन पाउंडांनी चढतं, आखूड आणि जड धनुष्यात आणखी. म्हणजे ५० छापलेला तो बो तुमच्या बोटांवर ५७ पाउंड पडेल. किलोत २६. सिमेंटची अर्धी गोणी तीन बोटांत धरून हनुवटीपर्यंत आणायची, तिथे थांबवायची, नेम धरायचा आणि न हलता सोडायची. हे एका सरावात साठ वेळा.

ही फुशारकी मी केलेली आहे. माझा पहिला स्वतःचा बो ४५चा होता. दुकानदाराने विचारलं, जिमला जाता का? मी म्हटलं, जातो. तेवढ्यावर सौदा झाला. जिममधली ताकद छाती-दंडाची. धनुष्य खेचतं पाठ, खांद्याच्या फऱ्यामागचे स्नायू, ज्यांना आपण कधी कामाला लावलेलं नसतं. पहिल्या दोन महिन्यांत उजवा खांदा इतका दुखायला लागला की डब्याची पिशवी डाव्या हातात घ्यायचो. खांदा विश्रांतीने बरा झाला. त्यापेक्षा वाईट म्हणजे खोड लागली. वजन पेलवत नसल्यामुळे हात हनुवटीला टेकायच्या आधीच बोटं सुटायची. ती खोड मोडायला मला दोन वर्षं लागली आणि ती मोडली २४ पाउंडांच्या लिम्बवर, वयाने माझ्याहून निम्म्या मुलींच्या शेजारी उभं राहून.

तेव्हा छापील वजन २४ ते २६. तुमच्या ड्रॉवर ते तीस-बत्तीस होतं. नवशिक्या धडधाकट माणसाला ते भरपूर आहे. एक सोपी कसोटी सांगतो: पूर्ण खेचून, हात हनुवटीखाली टेकवून, तीस सेकंद धरता आलं पाहिजे. विसाव्या सेकंदाला थरथर सुटली तर तो बो तुमचा नाही. (धरून झाल्यावर दोरी हळूच पुढे आणा, रिकामी सोडू नका. बाण न लावता सोडलेली दोरी लिम्ब फोडते. बाणाने न्यायचा सगळा जोर लिम्बच्याच अंगावर येतो.) आणि ४०० रुपयांचा तो बॅगेचा लटकता काटा असतो ना, विमानप्रवासाआधी वापरतात तो, तो एक घेऊन ठेवा. दोरीच्या मधोमध अडकवून तुमच्या ड्रॉपर्यंत खेचा, खरं वजन समोर येतं. छापील आकड्यात दोन-तीन पाउंडांची चूक निघालेली मी किती वेळा पाहिलीय.

आता लांबीकडे येतो. तुमच्या बाबतीत खरा मुद्दा हाच आहे आणि विकणारा याबद्दल सहसा अवाक्षर काढत नाही.

आमच्याकडे इंजिनिअरिंगचा एक पोरगा यायचा, सहा फूट दोन. ५८ इंची बो घेऊन आला होता, वजन जेमतेम तीस. तरी दहा बाणांत बोटं लाल. मी बाजूला उभा राहून बघितलं. दोरी पूर्ण मागे आल्यावर बोटांपाशी तिचा इतका चिंचोळा कोन होत होता की पहिलं आणि तिसरं बोट आपोआप मधल्या बोटावर दाबलं जात होतं आणि मध्ये बाणाचं नॉक चिमटलं जात होतं. चिमटलेला बाण रेस्टवरून, म्हणजे तो टेकतो त्या आधारावरून, उचलला जायचा, मग तो मान वाकडी करून बाण पुन्हा रेस्टवर बसवायचा, तेवढ्यात अँकर, म्हणजे हनुवटीखाली टेकवलेला हात, हलायचा. त्याला वाटत होतं आपली बोटं जाड आहेत. शिवाय शेवटच्या दोन इंचांत बो भिंतीसारखा अडायचा. लिम्बची टोकं तोवर जवळजवळ पूर्ण उघडलेली असतात, तरफेचा फायदा संपलेला असतो, आणि पुढच्या प्रत्येक इंचाला वजन दीडपट-दुप्पट वेगाने चढतं. आम्ही त्याला स्टॅक होणं म्हणतो.

मी त्याच्या हातात क्लबचा ७० इंची बो दिला. सहा बाण मारून झाल्यावर तो म्हणाला, “सर, हा हलका आहे ना बराच?” काटा लावून दाखवला. एका पाउंडाचा फरक होता.

म्हणून साधा कोष्टकासारखा हिशेब: ड्रॉ २७च्या आत असेल तर ६६ इंची चालतो, २७ ते २९ला ६८, आणि त्यापुढे ७०. तुम्ही ७०चे गिऱ्हाईक आहात. ड्रॉ ३१च्या वर निघाला तर ७२ मिळाला तरी घ्या. ६२ इंची हंटिंग बो ३० इंच खेचल्यावर मोडेल असं नाही, लोक खेचतात. पण शिकताना तो प्रत्येक बाणाला तुमच्याशी भांडेल आणि तुम्हाला कळणारही नाही की चूक तुमची की त्याची.

मग हंटिंग बो आखूड का असतात? कारण तिथे माणूस झाडावरच्या मचाणात बसलेला असतो किंवा झुडपात गुडघ्यावर असतो. लांब लिम्ब फांदीला अडकतं. हरीण वीस यार्डांवर, म्हणजे अठरा मीटरवर येईपर्यंत वाट बघायची आणि दिवसात एखादाच बाण सुटणार. तिथे नेमकेपणात थोडं सोडून आटोपशीरपणा घेतात. तुम्हाला पुढचं वर्षभर उघड्या मैदानावर हजारो बाण मारायचेत, तुमच्या वाटेत फांदी नाही. जपानी लोकांचं पारंपरिक युमी धनुष्य सव्वादोन मीटरच्या आसपास असतं आणि उंच माणसाला त्याहून लांब देतात. धनुष्य माणसाच्या मापाचं असावं ही जुनी, सरळ गोष्ट आहे. आखूडपणा ही शिकारीची सोय.

उंचीचा एक फायदाही सांगायला हवा, नाहीतर तुम्ही नाराज व्हाल. बाणाला जोर मिळतो तो दोरी त्याला जितकं अंतर ढकलते त्यावर. २८ ड्रॉवाल्याला, ब्रेस हाइट (न खेचलेल्या दोरीपासून ग्रिपच्या खोल भागापर्यंतचं अंतर) आठ इंच धरली आणि मघाचे पावणेदोन इंच वजा केले तर, दोरी सव्वाअठरा इंच ढकलते. तुम्हाला पावणेएकवीस. शिवाय तुमच्या टोकाला वजनही जास्त. म्हणजे त्याला ४५चा बो जे काम देईल ते तुम्हाला ३८चा देईल. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हरणासाठी किमान वजनाची अट असते, राज्याप्रमाणे ती ३५-४० पाउंडांच्या आसपास फिरते, नेमका आकडा भावाला त्याच्या राज्याचा विचारा. ३६ छापलेले लिम्ब तुमच्या हातात ४२च्या घरात जातात. पन्नासची गरजच कुठे आहे?

आता काय घ्यायचं. दोन रस्ते आहेत.

पहिला, आणि माझ्या मते बरा: २५ इंची धातूचा आयएलएफ रायझर (धनुष्याचा मधला, ग्रिपचा भाग) आणि त्यावर लाँग मापाचे, २४-२६ पाउंडांचे साधे लाकूड-फायबरचे लिम्ब. झाला ७० इंची. आयएलएफ म्हणजे लिम्ब बसवायची एक प्रमाण पद्धत. एका कंपनीचा रायझर, दुसऱ्याचे लिम्ब, खट्‌कन बसतात. (लिम्ब म्हटलं की क्लबमध्ये पहिल्या दिवशी कुणीतरी ‘लिंबू कशाला’ हा विनोद करतोच, तुम्ही करू नका.) यातली गंमत अशी की वजन वाढवायचं झालं की फक्त लिम्ब बदलायचे. रायझरवरचे बोल्ट आत-बाहेर फिरवून दोन-तीन पाउंड इकडेतिकडे करता येतात ते वेगळंच. पुढे शिकारीला आटोपशीर बो हवासा वाटला तर हेच लाँग लिम्ब १९ किंवा २१ इंची हंटिंग रायझरवर चढवायचे, ६४-६६ इंची बो तयार. मात्र छोट्या रायझरवर तेच लिम्ब छापील आकड्याहून जड होतात, हे तेव्हा लक्षात ठेवा.

अडचण पैशांची. नवा रायझर, नवे लिम्ब, बाण आणि बाकीचं सटरफटर २५ हजारांत बसवताना ओढाताण होते. म्हणून रायझर जुना घ्या. पुण्यात धनुर्विद्या करणाऱ्या पोरांची कमतरता नाही. मुंढव्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, साताऱ्याचा प्रवीण जाधव तिथूनच टोकियो ऑलिंपिकला गेला. बालेवाडीला स्पर्धा होतात, क्लब आणि अकादम्या शहरभर पसरल्यात. कुणाची दहावी-बारावी आली की किट विकायला निघतं. धातूचा रायझर सहजासहजी खराब होत नाही. लिम्ब जुने घेताना मात्र चष्मा लावून बघा. दोरी चढवा, बो उभा धरून मागून एक डोळा मिटून पाहा: दोरीने दोन्ही लिम्बच्या बरोबर मधून जायला हवं. एका टोकाला ती बाजूला सरकलेली दिसली तर लिम्ब पिळलाय. मग नखाने कडा चाचपा, टोकाजवळ जास्त. केसासारखी चीर बोटाला कळते, डोळ्याला नाही. कळली की गोड बोलून परत द्या.

दुसरा रस्ता: ६८ किंवा ७० इंची लाकडी टेकडाउन. बोल्ट सोडले की तीन तुकडे होतात, नवशिक्यांसाठीच बनवलेला असतो, स्वस्त असतो. तुम्ही बघितलेल्या ६२ इंचीचाच लांब, साधा भाऊ समजा. ७० न मिळाल्यास ६८ चालवून घ्या, त्याखाली उतरू नका. याचे लिम्ब त्याच मॉडेलचे लागतात आणि वजनाची मजल ३८-४०ला संपते. तुमचं काम तेवढ्यात भागतं. फक्त वर्षाने मन भरलं तर विकताना किंमत येत नाही.

कुठलाही रस्ता धरा, २५ पैकी १५ हजारांच्या वर धनुष्यात घालू नका. पाच-सहा हजार बाणांना. उरलेले टॅब (खेचणाऱ्या बोटांना दोरीपासून जपणारा तुकडा), आर्मगार्ड (दुसऱ्या हाताला दोरीच्या फटक्यापासून जपणारा), स्ट्रिंगर (दोरी चढवायचं साधन) आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांची फी. किंबहुना फी आधी भरा. पहिले सहा आठवडे क्लबचंच धनुष्य वापरा, तोवर ड्रॉ एखाद इंचाने वाढतो. खांदे खाली बसले, पाठ कामाला लागली की तो वाढतोच. त्यानंतर खरेदी केलीत तर माप पक्कं.

कंपाउंडचं, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचं, विचारलं नाहीत, पण भाऊ तेच वापरत असणार. २०२३ मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे जगज्जेते झाले तेव्हापासून आमच्याकडे येणारा दर दुसरा मुलगा कंपाउंडच मागतो. शिकारीला ते सोपं, यात वाद नाही. पूर्ण खेचल्यावर वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भार चाकं उचलतात, त्यामुळे धरून ठेवता येतं. पण तुमच्यासाठी एक खड्डा आहे. कंपाउंडला ड्रॉ ठरलेला असतो, त्यापुढे ते हलतच नाही, आणि बरीच मॉडेलं ३० वर संपतात. डायमंडचं इन्फिनिट एज प्रो ३१ पर्यंत जातं, ५ ते ७० पाउंड फिरतं, म्हणून उंच नवशिक्यांना लोक ते सुचवतात. नवं तुमच्या बजेटात बसणार नाही. जेनेसिस या शिकाऊंच्या कंपाउंडला ठरलेला ड्रॉ नाही, पण ते २० पाउंडांवर थांबतं, शिकारीच्या कामाचं नाही. आणि ओळखीचा माणूस स्वस्तात जुनं कंपाउंड देत असेल तर आधी दोरी-केबल केव्हा बदलली ते विचारा. ती बदलायला प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) लागतो, तो प्रत्येक गल्लीत नसतो.

बाणांबद्दल मात्र सावकाश सांगतो, कारण उंच माणसाला इजा होते ती इथे.

दुकानात तयार बाण बहुतेक २८ किंवा ३० इंची मिळतात. तुम्ही खेचलंत की २८चा बाण रेस्टवरून आत घसरून पडणार, आणि तो नेमका धनुष्य धरलेल्या हाताच्या मागे टेकणार. त्या क्षणी बोटं सुटली तर बाण मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी जातो. मी हे होताना एकदा जवळून पाहिलंय. नशिबाने पोराने दोरी सोडली नाही, तसाच खेचलेला गोठून उभा राहिला. मी त्याच्या कोपराला हात लावून दोरी हळूहळू पुढे नेली. त्याच्या कपाळावरचा घाम अजून आठवतो. नवशिक्याचा बाण ड्रॉहून दीड-दोन इंच लांबच हवा. तुमचा ३२ इंची. लांब झाला तर बिघडत काही नाही, आखूड झाला तर हात जातो.

लांब बाण म्हणजे जास्त लवचीक बाण, हा दुसरा धागा. बाणाचा कडकपणा स्पाइनच्या आकड्यात सांगतात. दोन टेकूंवर ठेवलेल्या बाणाला मध्ये ठरावीक वजन लटकवलं तर तो किती वाकतो त्यावरून. आकडा लहान तेवढा बाण कडक. पाच फूट सातच्या माणसाला बत्तीस पाउंडांवर ८००-९०० चालतील. तेवढ्याच वजनावर तुमच्या ३२ इंची बाणाला ६०० ते ७०० लागतील. मित्राचे बाण मागून आणू नका. आणखी एक, बरेच मऊ स्पाइनचे बाण कारखान्यातूनच आखूड येतात, तेव्हा ऑर्डर देण्याआधी न कापलेल्या बाणाची पूर्ण लांबी विचारा. आठ बाण पुरे. कार्बनचे घेतलेत तर दर वेळी मारण्याआधी बाण चेहऱ्यापासून लांब धरून थोडा वाकवा. करकर ऐकू आली तर तो तिथेच मोडून टाका, ‘अजून एकदाच’ म्हणून लावू नका. टोकं साधी, शंभर ग्रेन वजनाची. शिकारीचे पात्याचे ब्रॉडहेड इथून विकत घेऊन नेण्यात काहीच अर्थ नाही. ते वस्तऱ्यासारखे असतात, आपलं गवताचं टार्गेट कापून काढतात आणि तुमचा अंगठाही. तिकडे भावाकडून घ्या.

दोरी चढवायला स्ट्रिंगर वापरा. पायात अडकवून, मांडीवर वाकवून चढवणारे पैलवान सगळीकडे आहेत, पिळलेले लिम्बही त्यांच्याचकडे असतात. लाकडी बो असेल तर डेक्रॉनची, थोडी ताणणारी दोरी, टोकं मजबूत केलेली आहेत असं कंपनी म्हणत असेल तरच कमी ताणणारी आधुनिक दोरी. एप्रिल-मेमध्ये बो गाडीत ठेवून ऑफिसला जाऊ नका. बंद गाडीत थर चिकटवलेला गोंद सैल पडतो आणि संध्याकाळी लिम्बचे थर सुटलेले दिसतात. पावसाळ्यात पुसून, दोरी उतरवून, आडवा ठेवा.

आणि मारायचा कुठे? गच्चीवर नाही. हे मी बाणेरवाल्यांना विशेष सांगतो कारण तिथल्या गच्च्या मोठ्या आणि मोह मोठा. तीस पाउंडांचा चुकलेला बाण शंभर मीटरच्या पुढे सहज जातो आणि खाली मुलं सायकली खेळत असतात. टेकडीवरही नाही, वेताळ टेकडीवर मोर आहेत आणि सकाळी फिरणारे आजोबाही. क्लबच्या मैदानावर जा. तिथे दोन शिट्ट्या झाल्या की लाईनवर, एक झाली की मारायचं, तीन झाल्या की बाण आणायला. पहिला आठवडा तुम्ही बाणांपेक्षा शिट्ट्याच शिकाल.

पुढच्या वर्षाचं गणित असं बसतं. पहिले चार महिने २४-२६ छापलेले लिम्ब, दहा मीटरपासून अठरापर्यंत. साठ बाण मारून दुसऱ्या दिवशी खांदा दुखत नसेल तर ३०. मग दिवाळीनंतर ३४-३६. एका वेळी चार-सहा पाउंडांच्या वर उडी नको. जाण्याआधी अठरा मीटरवरून सहाही बाण जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात जायला लागले पाहिजेत, उभं राहून, गुडघ्यावर बसून, स्टुलावर बसूनही. तेवढं जमेना तर भावाबरोबर मचाणावर नुसते बसा, बाण त्याला मारू द्या. बहुतेक राज्यांत नवीन माणसाला परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, त्याची चौकशी तिकिटाच्या आधी करा. विमानात बो आणि बाण चेक-इन बॅगेत. केबिनमध्ये न्यायला देत नाहीत.

एक राहिलंच, आणि हे पैसे भरण्याच्या आधी करायचं. दोन्ही हात लांब करा, तळवे समोर, दोन अंगठ्यांच्या बेचक्यात एक छोटं भोक तयार करा. त्यातून खोलीतल्या भिंतीवरचं घड्याळ बघा, दोन्ही डोळे उघडे. आता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा, घड्याळ सुटू न देता. भोक ज्या डोळ्यासमोर येऊन थांबेल तो तुमचा नेमाचा डोळा. उजवा निघाला तर उजव्या हाताचा बो, म्हणजे डाव्या हातात धरून उजव्याने खेचायचा. डावा निघाला तर लिहिता उजव्याने येत असलं तरी आधी क्लबमध्ये दोन-तीन दिवस डाव्या हाताचा बो मारून बघा. रायझर उजवा-डावा वेगळा येतो आणि डाव्या हाताचा जुना रायझर पुण्यात मिळायला थोडं थांबावं लागतं.